बासष्ट वर्षांचा विद्यार्थी मद्रासमध्ये

एडवर्ड लिअर हे नाव मराठी वाचकाला माहीत असलंच, तर ते ‘द आउल अँड द पुसीकॅट’ या बालगीतामुळे आणि लिमरिक नावाच्या पाच ओळींच्या कवितांमुळे. विंदांच्या ‘एटू लोकांचा देश’वर वाढलेल्यांना लिअरचं ते उफराटं जग परकं वाटत नाही. पण हा माणूस पोटासाठी कविता करत नव्हता. तो निसर्गचित्रकार होता, आणि आपल्या प्रवासाच्या पुस्तकांच्या शीर्षकातही तो स्वतःला तेवढंच म्हणवून घेतो. इटलीतल्या द्राक्षवेली, ऑलिव्हच्या राया, डोंगरमाथ्यावरची दगडी गावं त्याने वर्षानुवर्षं जलरंगात उतरवली. हे करायला त्याला कुठल्याही कलाशाळेने शिकवलं नव्हतं. १८७४ च्या पावसाळ्यात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, हाच चित्रकार बाडबिस्तरा, रंगपेटी आणि एक ग्रीक नोकर घेऊन मद्रासला आला. आजच्या चेन्नईच्या आसपासचा मुलूख, महाबलीपुरम, कांचीपुरम, मग तंजावर आणि तिरुचिरापल्ली हे सगळं त्याने कागदावर उतरवलं.

गुरूवाचून शिकलेल्या चित्रकाराकडे काय कमी असतं आणि काय जास्त असतं, याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरा ठाऊक नाही. म्हणून हा लेख.

लिअरचा जन्म १२ मे १८१२ चा, लंडनच्या हॉलोवे भागातला. वडील शेअर दलाल. एकवीस भावंडांतलं हे विसावं मूल. तो चार-पाच वर्षांचा असताना वडील आर्थिक अडचणीत आले, घराची घडी विस्कटली आणि एडवर्डला मोठ्या बहिणीच्या ओटीत टाकण्यात आलं. ही अ‍ॅन त्याच्याहून एकवीस वर्षांनी मोठी. तिने आणि सारा या दुसऱ्या बहिणीने त्याला फुलं, फुलपाखरं, पाखरं रंगवायला शिकवलं. मध्यमवर्गीय इंग्रज मुलींना त्या काळी चित्रकलेचे जेवढे धडे मिळत, तेवढीच त्या दोघींची शिदोरी. लहानपणापासून लिअरला अपस्माराचे झटके येत. तो आजार त्याने जन्मभर जगापासून लपवला. झटका आला की रोजनिशीत फुली मारून ठेवायची, एवढीच त्याची नोंद.

पंधरा-सोळाव्या वर्षी तो कमवायला लागला. दुकानांसाठी किरकोळ चित्रं, पंखे आणि पडदे रंगवणं, शिवाय इस्पितळांसाठी रोग्यांच्या व्याधींची चित्रं. एका चित्राचे नऊ पेन्सपासून चार शिलिंगांपर्यंत मिळत. व्याधींच्या चित्रांकडे त्याचे चरित्रकार चटकन वळून पुढे जातात, पण माझ्या मते त्याची खरी शाळा तीच. फोडाचा रंग जरा गुलाबी दाखवला तर डॉक्टरच्या तो कामाचा नाही. सूज जिथे संपते तिथेच संपली पाहिजे. चित्र सुंदर करण्याचा मोह तिथे चालत नाही. जे आहे ते, जसं आहे तसं. वयाच्या सोळाव्या वर्षी अंगात मुरलेली ही शिस्त पुढे कधी गेली नाही.

१८३० मध्ये, अठराव्या वर्षी, त्याला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पोपटांची चित्रं काढायची परवानगी मिळाली. पेंढा भरलेल्या पक्ष्यांवरून चित्र काढायचा तेव्हा सर्रास रिवाज होता. लिअर पिंजऱ्यासमोर बसला. रखवालदार पक्षी धरून ठेवी आणि लिअर पंखांची, शेपटीची मापं घेई. दगडावर चित्र त्याने स्वतःच काढलं आणि वर्गणीदार गोळा करून हप्त्याहप्त्याने ४२ शिळाछाप चित्रांचा ग्रंथ काढला. प्रती फक्त १७५. एका निळ्या मकाव पोपटाच्या शास्त्रीय नावात पुढे लिअरचंच नाव गुंफलं गेलं. अर्ल ऑफ डर्बी या पक्षीवेड्या उमरावाने त्याला आपल्या नोस्लीच्या खासगी प्राणिसंग्रहात कामाला ठेवलं. तिथल्या मुलांना हसवायला केलेल्या चित्रकविता १८४६ साली पुस्तकरूपाने आल्या. पण त्याच्या बऱ्याच आधी डोळे थकले होते. पिसा-पिसाची बारीक कामं झेपेनात, लंडनच्या हवेत छाती भरून येई. १८३७ मध्ये तो रोमला गेला आणि पाखरं सोडून डोंगरांकडे वळला.

इटलीने त्याला विषय दिला. उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी लावलेल्या द्राक्षवेली, त्यामागे करड्या-हिरव्या ऑलिव्हची दाटी, त्यामागे निळसर कडे. भूमध्य समुद्राकाठचा हा सगळा पट्टा त्याने अक्षरशः पायी तुडवला. अब्रुझी, कॅलाब्रिया, अल्बानिया, ग्रीस, कॉर्सिका. गाढव किंवा घोडा, एक वाटाड्या, रात्री जिथे दार उघडेल तिथे मुक्काम. या प्रवासांची त्याने पुस्तकं केली. वाईनचा तो स्वतः शौकीन. स्वतःचीच थट्टा करणाऱ्या एका कवितेत त्याने आपल्या मार्साला पिण्याचा उल्लेख केला आहे. १८७० च्या आसपास तो इटलीच्या किनाऱ्यावर सान रेमोला घर बांधून राहिला आणि २९ जानेवारी १८८८ रोजी तिथेच वारला.

त्याची कामाची रीत नीट समजून घ्यायला हवी, कारण मद्रासचे कागद त्याच रीतीने झाले. जागेवर बसून तो फक्त पेन्सिलीने रेखाटन करी. झपाट्याने, पण डोंगराची कड कुठेही अंदाजाने न ओढता. मग त्याच रेखाटनात, झाडाच्या पोटात, आकाशाच्या कोपऱ्यात, वाटेच्या कडेला शब्द लिहून ठेवी: इथे कोणता रंग, तिथे सावली किती गडद, हे पीक कसलं, ती माणसं काय नेसली आहेत. खाली गावाचं नाव, तारीख, वेळ आणि अनुक्रमांक. वेळ म्हणजे सकाळ-संध्याकाळ एवढी मोघम नव्हे, घड्याळातली. मुक्कामी परतल्यावर, कधी कित्येक महिन्यांनी, त्या पेन्सिलीवर तो तपकिरी शाईची रेघ चढवी आणि लिहिलेल्या नोंदींबरहुकूम जलरंगाचे पातळ हात देई. शब्द मात्र पुसत नसे. म्हणून आज त्याचा कागद हातात घेतला की चित्र आणि ते चित्र बघणाऱ्याचं टिपण अशी दोन्ही एकाच पानावर वाचायला मिळतात.

जलरंग हे माध्यम अवघड आहे, कारण त्यात मागे फिरता येत नाही. तैलरंगात चुकलेला भाग खरवडून पुन्हा लावता येतो. जलरंगात पांढरा म्हणजे न रंगवलेला कागद. तो एकदा झाकला की गेला. अपारदर्शक पांढऱ्याने डाग झाकता येतो, लिअरही तो वापरी, पण कागदाचा स्वतःचा उजेड त्याने परत येत नाही. अशा माध्यमात घाईच्या प्रवासी माणसाने जागेवरच रंग भरायला घेतले तर दहातले आठ कागद फुकट जातील. लिअरने बघणं आणि रंगवणं वेगळं काढून हा प्रश्न सोडवला. समोर बसून फक्त बघायचं आणि टिपायचं. रंगवायचं ते चार भिंतींच्या आत, शांतपणे. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. गरज आणि कमकुवत डोळे यांनी शिकवलं.

सर रॉडरिक मर्चिसन हे त्या काळातलं भूशास्त्रातलं मोठं नाव. लिअरच्या रेखाटनांवरून त्या प्रदेशाचं भूशास्त्र आपल्याला सांगता येतं, असं त्यांचं मत होतं. वास्तवदर्शी चित्रकाराला याहून मोठं प्रशस्तिपत्र मला सुचत नाही.

आणि तरीही लिअर समाधानी नव्हता. आपल्याला मनुष्याकृती काढता येत नाही, शरीरशास्त्र आपण शिकलो नाही, हे शल्य त्याला आयुष्यभर टोचत राहिलं. १८४६ साली राणी व्हिक्टोरियाने त्याच्याकडून निसर्गचित्रणाचे धडे घेतले. राणीचा शिक्षक होऊन चार वर्षं होतात न होतात तोच, १८५० मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो रॉयल अकॅडमीच्या कलाशाळेत पोरांच्या शेजारी विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. पुढे विल्यम होल्मन हंट या आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान चित्रकाराकडे तो तैलरंग शिकला आणि त्याला ‘डॅडी’ म्हणू लागला. ज्याला शिकायचं आहे त्याने वयाची लाज धरू नये, हे त्याने करून दाखवलं. पण त्याचबरोबर एक गैरसमजही त्याच्या मनात कायमचा बसला: खरी कला म्हणजे मोठा कॅनव्हास आणि तैलरंग, आपले शाईचे कागद म्हणजे नुसता कच्चा माल.

त्याच १८५० साली मद्रासमध्ये डॉ. अलेक्झांडर हंटर या शल्यवैद्याने कलाशाळा काढली. हिंदुस्थानातल्या अगदी पहिल्या कलाशाळांपैकी ही एक. आपली मुंबईची जे. जे. शाळा सात वर्षांनी, १८५७ मध्ये सुरू झाली. म्हणजे लिअर मद्रासला पोचला तेव्हा तिथे कलाशिक्षणाला जवळजवळ पाव शतक झालं होतं.

गंमत अशी की त्या वर्षांत मद्रास गाजवला तोही कलाशाळेत न गेलेल्या माणसाने. १८७३ मध्ये मद्रासच्या चित्रप्रदर्शनात पहिलं पारितोषिक मिळालं ते पंचविशीतल्या एका मल्याळी तरुणाच्या, केस शृंगारणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला. हा तरुण म्हणजे राजा रविवर्मा. पुढच्या वर्षीही मद्रासने त्याला गौरवलं. त्रावणकोरच्या दरबारी चित्रकाराने तैलरंगाचं गुपित त्याला सांगितलं नाही, आणि थिओडोर जेन्सन या पाश्चात्य चित्रकाराने फक्त शेजारी उभं राहून बघू दिलं. एवढ्या शिदोरीवर तो उभा राहिला. पुढे १८९४ मध्ये मुंबईत त्याचा शिळाछापखाना निघाला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि मराठी घराघरांत रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती लागल्या. त्याची प्रसिद्धी सुरू झाली ते मद्रास आणि लिअरचं मद्रास एकाच काळातलं. एकाला माणसांचे चेहरे वश होते, दुसऱ्याला झाडं आणि डोंगर. दोघांनीही आपला अभ्यासक्रम स्वतःच आखला होता.

लिअर हिंदुस्थानात आला तो व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक या जुन्या स्नेह्याच्या निमंत्रणावरून. १८७२ मध्ये एकदा निघून तो सुएझहून परत फिरला होता. दुसऱ्या खेपेला २२ नोव्हेंबर १८७३ रोजी तो मुंबई बंदरात उतरला. सोबत जॉर्जिओ कोकाली, कॉर्फू बेटावरचा त्याचा नोकर. सामान उचलणं, स्वयंपाक, आजारपण, मालकाच्या उदासीनतेचे झटके सांभाळणं, हे सगळं कोकालीने सत्तावीस वर्षं केलं. मुंबईने लिअर पहिल्याच दिवशी वेडावून गेला. पोशाख, रंग, झाडं, माणसांची गर्दी यांचा आनंद त्याच्या रोजनिशीत अक्षरशः उसळतो. मग लखनौ, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, आग्रा, दिल्ली, सिमला. काशी अंधारी आणि उदास असेल अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात ती रंगांनी उजळलेली निघाली, तेव्हा त्याने ते मोकळ्या मनाने लिहून टाकलं. कलकत्त्याच्या सरकारी मेजवान्यांना मात्र तो इतका विटला की त्या शहराला त्याने ‘हसलफसाबाद’ असं नाव ठेवलं.

उन्हाळा सरल्यावर तो दक्षिणेकडे वळला आणि पावसाळ्याच्या तोंडाला पुण्यात राहिला. जुलै १८७४ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची ‘द कमरबंद’ ही कविता छापून आली. धोबी, पंखा, भिस्ती, निमक असे इथे ऐकलेले शब्द त्याने तिच्यात मुद्दाम भलत्याच अर्थाने पेरले आहेत. पावसाने चित्रकाराला कोंडून घातलं की तो काय करतो, याचं ते एक उत्तर.

तीनच वर्षांपूर्वी, १८७१ मध्ये, मुंबईकडून आणि मद्रासकडून आलेले लोहमार्ग रायचूरला जोडले गेले होते. साठी ओलांडलेल्या, दम लागणाऱ्या माणसाला दख्खन ओलांडून पूर्व किनारा गाठणं त्यामुळेच शक्य झालं. तेव्हाचं मद्रास सुमारे चार लाख वस्तीचं. बंदर असं अजून नव्हतंच. जहाजं दूर उभी राहत आणि शिवून बांधलेल्या मसुला होड्यांतून उतारू लाटांवर आदळत किनाऱ्याला लागत. शहर पसरट, बागांमधले ऐसपैस बंगले, आणि शिंपल्यांच्या चुन्याचा घोटीव गिलावा केलेले शुभ्र खांब. हा मद्रासी चुना संगमरवरासारखा चमके.

जलरंगवाल्यासाठी हा मुलूख सोपा नाही. इटलीत डोंगर आपोआप चित्र रचून देतो: पुढे द्राक्षवेली, मध्ये गाव, मागे कडा. मद्रासच्या किनाऱ्यावर जमीन सपाट. क्षितिज म्हणजे एक आडवी रेघ. समुद्र, वाळू आणि वर पांढरं पडलेलं आकाश. दुपारी उन्हात रंग विझून जातात. हवेत एवढा ओलावा की कागदावरचा हात लवकर वाळत नाही. दुसरा दिला की पहिला खालून उठतो. ज्यांनी चेन्नईत मे महिन्यात रंग लावून पाहिलेत त्यांना हे सांगायला नको.

त्याच्या आधी ऐंशी वर्षं थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणे या भागातून गेले होते. १७९२-९३ मध्ये ते मद्रास इलाख्यात फिरले. त्यांच्याजवळ कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. पेटीतल्या भिंगातून कागदावर पडणारी प्रतिमा गिरवायची सोय. त्यांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ या संचात १४४ चित्रं आहेत आणि मंदिरांचे खांब, कंगोरे त्यांत काटेकोर आहेत. हिंदुस्थान कसा दिसतो याची इंग्रज मनातली प्रतिमा याच चित्रांनी घडवली. लिअरकडे पेटी नव्हती. शिल्पांचे कंगोरे मोजण्यात त्याला रसही नव्हता. त्याने सपाट मुलखावर तोड काढली ती झाडांची. पुढे ताड, नारळ, वडाच्या पारंब्या, बांबूचं बेट यांचा पडदा उभा करायचा आणि त्यांच्या फटीतून दूरचं गोपुर किंवा समुद्राची पट्टी दाखवायची. झाडांचा लिअर हा निराळाच माणूस आहे. पोपटाच्या प्रत्येक पिसाचा हिशेब ठेवणारा हात ताडाच्या पंख्याकडे वळला की काय होतं, ते त्याच्या दक्षिणेच्या कागदांत दिसतं. नारळाची झावळी वाऱ्याने एका बाजूला झुकते, ताडाचा पंखा ताठ राहतो, हा फरक तो शाईच्या दोन-तीन रेघांत पकडतो. डॅनियलांच्या चित्रात झाड हे मंदिराची चौकट असतं. लिअरच्या कागदावर कधी कधी मंदिरच झाडाची चौकट होतं.

महाबलीपुरमला त्या काळी जायचं म्हणजे समुद्राला समांतर गेलेल्या कालव्यातून होडीने. आज ज्याला बकिंगहॅम कालवा म्हणतात तो हाच. पल्लव राजा राजसिंहाच्या काळातलं, आठव्या शतकाच्या आरंभीचं किनाऱ्यावरचं देऊळ, एकेका दगडातून कोरलेले रथ, आणि शेजारी ती प्रचंड शिल्पशिळा, जिला कुणी अर्जुनाची तपश्चर्या म्हणतं, कुणी गंगावतरण. शिळेवर माणसं, देव, हत्ती, नाग खच्चून भरलेले. आकृत्यांना घाबरणाऱ्या चित्रकाराने इथे काय करावं? लिअरने दगडाकडे दगड म्हणून पाहिलं. खडकांचे गोल माथे, वाळू, ताड आणि त्यांच्यातून उगवल्यासारखी देवळं. कोरीव काम आणि मूळ खडक यांत तो भेद करत नाही. पल्लव शिल्पींनीही खडकातूनच देऊळ मोकळं केलं होतं, तेव्हा कलेच्या इतिहासाचं पुस्तक न उघडताही लिअर त्या जागेच्या मर्मापर्यंत पोचला असं माझं मत आहे. कांचीपुरमला मात्र गोपुरांनी त्याला गाठलंच. मजल्यामजल्यांवर दाटलेल्या मूर्ती त्याने सुट्या काढल्या नाहीत. पेन्सिलीच्या गुंतावळीत आणि छायाप्रकाशात त्या सामावून टाकल्या. कमी शिकल्याची कसर इथे उघड दिसते, पण लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यांना गोपुर दिसतं ते असंच.

आणि मग तंजावर. इथे मराठी वाचकाचं काळीज अडकतं. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं. लिअर आला तेव्हा ते संपून एकोणीस वर्षं झाली होती. साठ मीटरहून उंच विमान असलेलं बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने बांधलं, १०१० च्या सुमारास ते पुरं झालं, आणि त्याच देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. तंजावरला गेलात तर त्या ओळींसमोर थोडं थांबा. आपली भाषा इतक्या दूरच्या दगडावर इतकी लांबलचक पसरलेली पाहून ऊर भरून येतो.

चित्रकलेच्या बाबतीत सरफोजींचं नाव आणखी एका कारणाने घ्यायला हवं. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणाऱ्या या राजाने तंजावरच्या चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची जलरंगी चित्रं काढून घेतली होती. त्यांतला एक संच आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. देवादिकांना सोन्याचा वर्ख लावणारे हात पाश्चात्य कागदावर, पातळ रंगांत, पाखराच्या चोचीचा आणि पायांचा खरा आकार शोधत होते. लंडनमध्ये कोवळा लिअर पोपटाच्या पंखाची मापं घेत होता, आणि सरफोजी वारले तेही १८३२ मध्ये, लिअरचा पोपटांचा ग्रंथ पुरा झाला त्याच वर्षी. तंजावरच्या त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या हातून झालेलं काम लिअरच्या पंक्तीत मानाने बसेल.

तिरुचिरापल्लीला सपाट मैदानातून एकदम ८३ मीटर वर उठलेला खडक आणि त्यावरचं देऊळ लिअरला मिळालं. इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या गावांवर ज्याने आयुष्य काढलं त्याला हा विषय म्हणजे पर्वणीच. त्याने तो पुन्हा पुन्हा काढला. पुढे निलगिरीत कुन्नूर, मग मलबारचा किनारा, माहेच्या आसपासची गर्द झाडी, आणि शेवटी सिलोन. तिथे कोकाली अतिसाराने मरणाच्या दारी जाऊन आला. लिअरचं पर्यटन तिथेच संपलं. जानेवारी १८७५ मध्ये मुंबईहून दोघे परत निघाले. सोबत लहानमोठी पाचशेच्या वर रेखाटनं होती, शिवाय वह्या आणि रोजनिशी.

सान रेमोला पोचल्यावर लिअरने काय केलं? त्याने कंचनजंगेचे तीन प्रचंड तैलचित्रपट रंगवले, नॉर्थब्रुक, लॉर्ड अ‍ॅबरडेअर आणि लेडी अ‍ॅशबर्टन यांच्यासाठी. त्यातला एक आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. भव्य आहे यात शंका नाही. पुढे दरीतली नेच्याची झाडं, मागे हिमशिखर, सगळं मापात. पण त्यात घाम नाही. जागेवरच्या कागदात सकाळचे सात वाजलेले असतात, ऊन चढत असतं, शब्दांच्या चुका असतात, एखाद्या झाडाच्या नावाची धडपड असते. तैलचित्रात हे सगळं धुऊन निघालं आहे.

कागदांची किंमत त्याला कळली नव्हती असं म्हणताना त्याच्या परिस्थितीचाही विचार करायला हवा. पैशासाठी त्याने जलरंगांचा कारखाना काढल्यासारखंच काम केलं. १८६२-६३ च्या हिवाळ्यात कॉर्फूत त्याने साठ कागद एका रांगेत मांडले आणि सगळ्यांवर आधी एक रंग, मग दुसरा, अशी पाळी लावून ते रंगवले. या चित्रांना तो वैतागून ‘टायरंट्स’ म्हणे. ती विकली गेली, घरभाडं निघालं. पण तीच त्याची सगळ्यांत निर्जीव चित्रं. जी चित्रं विकायची नव्हती, दाखवायचीही नव्हती, ज्यांवर स्वतःसाठी टिपणं लिहिली होती, ती आज डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

माझं मत मी स्पष्टच सांगतो. गुरू नसल्याने लिअरची मनुष्याकृती कायम लंगडी राहिली, आणि मोठ्या रचनेत त्याचा आत्मविश्वास डळमळत असे. हा तोटा खरा आहे, त्यावर पांघरूण घालू नये. पण कलाशाळेतली मुलं प्राचीन मूर्तींच्या साच्यांवरून रेखाटनं करत होती त्या वयात तो जिवंत पक्षी आणि रोगट अंग पाहत होता. त्यामुळे समोर जे आहे त्यावर त्याचा विश्वास बसला. मद्रासचा सपाट किनारा पाहून त्याने तिथे इटलीचा डोंगर आणून बसवला नाही. ताड असेल तर ताडच काढला. पुस्तकी निसर्गचित्रकार हिंदुस्थानात येऊन इंग्लंडमधली झाडं काढून गेले. हा तसा फसला नाही.

लिअरने मृत्युपत्रात आपला चित्रसंग्रह फ्रँकलिन लशिंग्टन या मित्राच्या हवाली केला. विसाव्या शतकात तो विखुरला. त्याचा मोठा भाग, निसर्गचित्रांची हजारो पानं आणि त्याबरोबर रोजनिश्या व हिंदुस्थानची दैनंदिनी, अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या हाउटन ग्रंथालयात गेला. दैनंदिनीतला निवडक भाग रे मर्फी यांनी १९५३ मध्ये संपादित करून छापला. चित्रांची पानं हार्वर्डच्या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतात. चेन्नईत राहणाऱ्या मराठी मंडळींनी महाबलीपुरमला जाण्याआधी ती जरूर पाहावीत, आणि तंजावरच्या मराठी घरांतल्या मुलांना दाखवावीत.

आपल्याकडेही जलरंगाची वाट फार जुनी आणि भक्कम आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, नाशिकचे शिवाजी तुपे ही नावं त्या वाटेवर ठळकपणे उभी आहेत. आज गंगापूर धरणाच्या काठी द्राक्षमळे वाढलेत, वाइनरी उभ्या राहिल्यात, आणि रविवारी सकाळी नोकरी करणारी, कलाशाळेचं तोंड न पाहिलेली कितीतरी माणसं रंगपेटी घेऊन तिथे बसलेली दिसतात. त्यांना लिअरची एक सवय उचलण्यासारखी आहे. मोबाइलवर फोटो काढून घरी त्याची नक्कल करण्यापेक्षा जागेवर पेन्सिलीने रेखाटा, रंग शब्दांत लिहा, कोपऱ्यात तारीख आणि वेळ टाका.

आणि मराठी प्रकाशकांना एक विनंती. लिअरच्या दैनंदिनीतला मुंबई, पुणे, मद्रास आणि तंजावरचा भाग, त्या त्या गावच्या रेखाटनांसह, मराठीत आणा. दीडशे वर्षांपूर्वीचा आपला मुलूख इतक्या प्रामाणिक डोळ्यांनी पाहिलेला दस्तऐवज आपल्या भाषेत असायलाच हवा.